बागेतला लाकडी टिकी पुतळा: निवडीपासून उभारणीपर्यंत कामाचा योग्य क्रम

टिकी म्हणजे पॉलिनेशियाच्या, प्रशांत महासागरातल्या बेटांच्या, धाटणीची ओंडक्यातून कोरलेली माणसासारखी आकृती. बागेत ठेवलेला लाकडी टिकी पुतळा चेहऱ्याकडून क्वचितच कुजतो. तो कुजतो पायाकडून. वर वार्निश चकाकत असते, डोळे-दात जागच्या जागी असतात, आणि तळाला टोच्या लावला की तो बोटभर आत जातो. मागचे कारण बहुतेक वेळा एकच असते. पुतळा घरी आला, त्याच आठवड्यात त्यावर वार्निशचे दोन-तीन हात मारले गेले आणि तो थेट मातीवर उभा राहिला. आतला ओलावा आत कोंडला, खालून नवा ओलावा चढत राहिला.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. त्याखाली लाकूड राहिले तर ती वाढत नाही. पुढची प्रत्येक पायरी या एका आकड्यासाठी आहे. पाणी आत शिरू नये ही अर्धीच काळजी झाली. शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट हवी, ही उरलेली अर्धी.

कामाचा क्रम असा: निवड, तपासणी, जुना थर काढणे, कीडनाशक, वाळवण, खळगे आणि चिरा, तळ, लेप, उभारणी, देखभाल. हा क्रम बदलू नका. वार्निशवरून लावलेले कीडनाशक लाकडात उतरत नाही. ओल्या लाकडाचा तळ बंद केला तर ते आतून सडते. आधी लेप लावून नंतर भोके पाडली तर प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला उघडलेले दार. लाकूड वाळलेले मिळाले तर सगळे काम तीन-चार आठवड्यांत उरकते. ओले मिळाले तर काही महिने धरून चाला.

## १. लाकूड कोणते ते आधी ठरवा

पुतळा किती काळ टिकेल आणि त्यावर कोणता लेप चालेल, हे दोन्ही लाकडावर ठरते. विक्रीला असलेले बहुतेक टिकी पुतळे पुढच्या तीन गटांत बसतात.

पामचे खोड. नारळ किंवा पंख्यासारख्या पानांचा पाम. पाम एकदल आहे, त्यामुळे त्याच्या खोडात वर्षाची वलये नसतात आणि टिकाऊ गाभाही नसतो. बाहेरचा भाग कठीण आणि तंतूंनी भरलेला, आतला भाग स्पंजासारखा. कापलेल्या तोंडावर गडद ठिपके दिसले की पाम समजा. मुळांचा गुंता वर ठेवून केस दाखवलेले पुतळे सहसा पामचेच असतात. दिसायला झकास, पण आतून सर्वांत लवकर सडणारे. छपराखालची जागा असेल तरच घ्यावेत.

अल्बेशिया. इंडोनेशियातून येणाऱ्या पुष्कळ रंगीत टिकी पुतळ्यांचे हे लाकूड. फिकट, भरड रेषांचे आणि हाताला लगेच जाणवेल इतके हलके. नख दाबले तर खूण उठते. उघड्यावर त्याची स्वतःची टिकण्याची ताकद फार कमी. मात्र ते लवकर वाळते आणि लेप चांगला शोषते, त्यामुळे नेमाने देखभाल करणाऱ्याने ते घ्यायला हरकत नाही.

घट्ट किंवा मुळात टिकाऊ लाकूड. साग, सिडार, रेडवुड, आणि सुआर म्हणजेच वर्षावृक्ष. यांच्या मधल्या गडद भागात कुजण्याला विरोध करणारी द्रव्ये असतात. साली-लगतच्या फिकट पट्ट्यात ती नसतात. सागाचासुद्धा तो पट्टा कुजतो आणि किडतो. म्हणून नुसते ‘साग आहे का’ एवढे विचारून भागत नाही. पायाशी, कानांशी आणि कडांना फिकट लाकूड किती राहिले आहे ते पाहा.

‘हार्डवुड’ या शब्दावर जाऊ नका. रुंद पानांच्या झाडाचे लाकूड एवढाच त्याचा अर्थ. नखाने दबणारे अल्बेशियाही त्या व्याख्येत हार्डवुडच ठरते.

वजनाची पडताळणी. २५ सेंमी व्यासाच्या आणि १२० सेंमी उंचीच्या ओंडक्याचे आकारमान सुमारे ०.०५९ घनमीटर. कोरताना त्यातला पाचवा हिस्सा गेला असे धरले तर ०.०४७ घनमीटर लाकूड उरते. वाळलेले अल्बेशिया घनमीटरला साधारण ३०० किलो भरते, म्हणजे पुतळा १४-१५ किलोचा हवा. वाळलेला साग ६५० च्या आसपास, म्हणजे ३० किलो. याच आकाराचा फिकट, मऊ लाकडाचा पुतळा २५ किलो भरला तर तुम्ही लाकडाबरोबर दहा किलो पाणीही विकत घेत आहात.

## २. विकत घेताना: पुतळा उलटा करा

चेहरा पाहून पुतळा आवडतो, तळ पाहून तो घ्यायचा की नाही हे ठरते. दुरून मागवत असाल तर तळ, डोक्याचा माथा आणि पाठ यांचे स्वतंत्र फोटो मागा. ते द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरा पुतळा शोधा.

तळावर चार गोष्टी पाहा: काळे-निळे डाग, मऊपणा, छिद्रे आणि तडे. टोच्या किंवा जाड सुई हलकेच दाबा. निरोगी लाकडात ती एक-दोन मिलिमीटरवर अडते. लाकूड भुसभुशीत होऊन तुकडे निघाले तर कूज सुरू झालेली आहे.

मॉइश्चर मीटरच्या, म्हणजे लाकडातला ओलावा मोजणाऱ्या यंत्राच्या, सुया पृष्ठभागावर टेकवून घेतलेला आकडा फसवा असतो, कारण वरचे दोन मिलिमीटर दोन दिवसांत सुकतात. मोजायचे ते तळाच्या मध्यभागी, सुया होतील तितक्या आत रुतवून. १५ टक्क्यांपर्यंत उत्तम, २० च्या वर असेल तर महिनोन्‌महिन्यांची वाळवण गृहीत धरा. पामसाठी ही मीटर बनवलेली नसतात. तिथे वजनावरच विसंबा.

चिरांना घाबरू नका, पण त्या वाचायला शिका. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जेवढे आकसते त्याच्या जवळपास निम्मेच ते गाभ्यातून सालीच्या दिशेने आकसते. म्हणून अख्ख्या ओंडक्यातून कोरलेल्या पुतळ्याला मध्यापासून बाहेर चीर पडणारच. पाठीवर मुद्दाम मारलेला उभा करवतीचा छेद किंवा पोकळ केलेली पाठ दिसली तर कारागिराने विचार केला आहे असे समजा: तिथे ताण सुटतो आणि चेहरा वाचतो. नाकारायची चीर म्हणजे पुढून मागे आरपार जाणारी, किंवा आडवी, किंवा माथ्यावरून थेट तळापर्यंत उतरणारी.

> तपासा: अगदी बारीक, टाल्कम पावडरीसारखा भुसा आणि १-२ मिमीची गोल छिद्रे दिसली तर लाकूड पोखरणारे भुंगेरे आत आहेत किंवा होते. छिद्राची कड स्वच्छ आणि उजळ असेल तर ते ताजे. संशय असेल तर पुतळा गडद कागदावर आठवडाभर उभा ठेवायला सांगा. नवा भुसा पडला तर घेऊ नका.

> खबरदारी: पॉलिनेशियातली खरोखर जुनी कोरीव आकृती हाती आल्याची शंका असेल तर पुढची एकही पायरी तिच्यावर करू नका. ना घासणे, ना तेल, ना वार्निश. तिची जागा घरात आहे आणि तिला हात लावायचा तो वस्तुसंग्रहालयीन जतनाच्या जाणकाराने.

## ३. जुना थर काढा

विक्रीच्या टिकी पुतळ्यावर तीनपैकी काहीतरी असतेच: बूटपॉलिशसारखे रंगीत मेण, पातळ वार्निश किंवा जाळून आणलेला काळा रंग. तिन्ही थर नव्या लेपाच्या आड येतात, आणि ओल्या लाकडाला तर ते वाळूही देत नाहीत. म्हणून हे काम वाळवणीच्या आधी.

पाण्याचे काही थेंब टाका. पाच मिनिटांनी थेंब तसेच गोल उभे असतील तर वर मेण किंवा वार्निश आहे. पांढऱ्या फडक्यावर मिनरल टर्पेंटाइन घेऊन चोळा. फडके तपकिरी आणि चिकट झाले तर मेण: फडके बदलत, ते स्वच्छ निघेपर्यंत चोळत राहा. फडके कोरे राहिले तर वार्निश: सपाट जागी खरवडणी, खोबणीत पितळी तारांचा ब्रश. लोखंडी तारांचा ब्रश वापरू नका. त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात आणि पाऊस लागला की सागासारख्या टॅनिनयुक्त लाकडावर काळे डाग उमटतात.

जाळलेल्या पुतळ्यावर बोट फिरवा. बोट काळे होते तोवर तो कोळसाच आहे, आणि त्यावर लावलेला कोणताही लेप कोळशासकट पापुद्र्याने सुटून येतो. बोट स्वच्छ राहीपर्यंत ब्रशने झाडा. खालचा घट्ट तपकिरी थर राहू द्या.

रंगवलेले डोळे-दात टिकवायचे असतील तर त्यांच्याभोवती मास्किंग टेप लावा. धूळ उडते तेव्हा मास्क हवाच. काचपेपर अजून हातात घेऊ नका. ओले लाकूड घासले तर तंतू उभे राहतात आणि कागद भरून जातो.

## ४. कीडनाशक: वाळवणीच्या आधी

इथे पुष्कळांचा क्रम उलटा असतो. आधी वाळवू, मग औषध लावू, असे वाटणे साहजिक आहे. पण इथे वापरायचे कीडनाशक म्हणजे बोरेट, बोरॉनचा क्षार, आणि ते लाकडातल्या पाण्याच्या वाटेने आत पसरते. ओल्या लाकडात ते खोल जाते, कोरड्यात वरच्या काही मिलिमीटरवर थांबते.

लाकडासाठी विकले जाणारे डायसोडियम ऑक्टाबोरेट टेट्राहायड्रेट घ्या. १० टक्के द्रावणासाठी ९ लिटर कोमट पाण्यात १ किलो पूड हळूहळू ढवळत विरघळवा. १२० सेंमीच्या एका पुतळ्याला दोन लिटर पुरे होतात. त्यासाठी २२० ग्रॅम पूड घ्या. नुसता टाकणखार हा पर्याय कमकुवत आहे. तो थंड पाण्यात जेमतेम पाच टक्क्यांपर्यंत विरघळतो, उरलेला तळाशी बसतो. डब्यावर वेगळे प्रमाण दिले असेल तर ते पाळा.

ब्रशने भरपूर लावा, तासाभराने पहिला हात ओला असतानाच दुसरा. तळ आणि माथा ही कापलेली तोंडे आहेत आणि तिथे लाकूड नळ्यांच्या जुडग्यासारखे पाणी ओढते. म्हणून तिथे चार-पाच वेळा. ओल्या पुतळ्यावर त्यानंतर दोन आठवडे प्लास्टिक सैल पांघरून ठेवा, म्हणजे औषधाला आत सरकायला वेळ मिळतो. दर दोन-तीन दिवसांनी उघडून बुरशीचा पांढरा-हिरवा मुलामा आला का पाहा आणि आला असेल तर पुसून घ्या. कोरड्या पुतळ्याला झाकायची गरज नाही.

> खबरदारी: हातमोजे घाला, द्रावण मुलांपासून आणि पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवा. बोरॉन जास्त झाले की झाडे जळतात, म्हणून खाली प्लास्टिक अंथरा आणि उरलेले द्रावण वाफ्यात ओतू नका. बोरेट पावसाने धुऊन जाते. वरून लेप नसेल तर त्याचा उपयोग टिकत नाही.

आत जिवंत कीड असल्याचे पक्के असेल तर वरवर लावलेल्या औषधावर विसंबू नका. लहान पुतळा घट्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवतात, पण तो वाळलेला असेल तरच. मोठ्यासाठी लाकूड तापवण्याची भट्टी: गाभ्याचे तापमान ५६ अंशांवर किमान ३० मिनिटे राहायला हवे. हे दोन्ही उपाय आतली कीड मारतात, पुढची थांबवत नाहीत. म्हणून त्यानंतरही बोरेट लागतेच.

## ५. वाळवण

घाई होते ती इथेच, आणि पुढे जे काही बिघडते त्याचे मूळही बहुधा इथेच सापडते.

जागा सावलीची, हवा खेळती, पाऊस न लागणारी हवी. पुतळा जमिनीपासून किमान ५ सेंमी वर, दोन पट्ट्यांवर आडवा ठेवा आणि दर आठवड्याला पाव फेरा फिरवा. उन्हात ठेवू नका. उन्हात बाहेरचे लाकूड आकसते, आतले अजून फुगलेले असते, आणि ताण चेहऱ्यावरच्या सर्वांत पातळ भागात सुटतो. पंखा किंवा हीटर थेट अंगावर सोडल्यानेही तेच होते.

तळ आणि माथा बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने सुकतात, म्हणून तडे तिथून सुरू होतात. लाकूड ओले असेल तर या दोन तोंडांवर जाड सुती कापडाचे दोन-तीन पदर घट्ट बांधा. वेग मंदावतो, आणि नंतर खरवडून काढायला काही उरत नाही. मेण किंवा रंग लावून तोंडे बंद करण्याची पद्धत ओंडक्यांसाठी ठीक आहे. पुतळ्यावर मात्र ती पुढे तळात मुरवायच्या इपॉक्सीच्या, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेच्या, आड येते.

किती दिवस? फळ्यांचा जुना ठोकताळा आहे: दर २.५ सेंमी जाडीला एक वर्ष. पुतळ्याला तो जसाच्या तसा लागू होत नाही, कारण कोरल्यामुळे पृष्ठभाग वाढतो आणि हलके लाकूड लवकर वाळते. तारखेकडे न पाहता वजनाकडे पाहा. दर आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. सलग दोन आठवड्यांत मिळून घट एक टक्क्याहून कमी झाली की, म्हणजे १५ किलोच्या पुतळ्यात १५० ग्रॅमपेक्षा कमी, तो हवेशी जुळला. मीटर असेल तर तळाच्या मध्यभागी १६ टक्क्यांच्या खाली आकडा यायला हवा.

बोरेटची पांढरी पूड वर आली असेल तर ती कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका. मग १२० नंबरच्या काचपेपरने रेषांच्या दिशेने घासा. त्याहून गुळगुळीत करण्यात तोटाच आहे, लेप कमी शोषला जातो. कोरीव कामाच्या धारदार कडा १-२ मिमीने गोल करा. वार्निश सुकताना टोकदार कडेवरून मागे सरते, आणि तो सर्वांत आधी फाटतो तो भुवयांच्या, ओठांच्या आणि दातांच्या कडांवर.

## ६. पाण्याचे खळगे आणि चिरा

पुतळा उभा करा, डोक्यावरून झारीने दोन लिटर पाणी ओता आणि दहा मिनिटांनी टॉर्च घेऊन पाहा. टिकीच्या घडणीत पाणी साचण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: खोलगट माथा, उघडे तोंड, डोळ्यांच्या खाचा, पोटावर टेकवलेल्या हातांची वरची बाजू, वाकलेल्या गुडघ्यांवरचा कठडा. जिथे जिथे पाणी दिसेल तिथे खडूने खूण करा.

कठड्यांना पटाशीने बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या. नुसत्या नजरेला तो दिसतही नाही, पाण्याला पुरतो. तोंडाची खाच खोल असेल तर तिच्या सर्वांत खालच्या बिंदूपासून खालच्या ओठाखाली बाहेर येणारे, उताराचे ८ मिमीचे भोक पाडा. याहून बारीक भोक पहिल्याच पानगळीत तुंबते. खोलगट माथा थेट पावसात असणार असेल तर पातळ तांब्याच्या पत्र्याची टोपी सर्वांत चांगली: कडेने १ सेंमी बाहेर आलेली, आणि खाली हवा राहील अशी लाकडापासून किंचित उचललेली.

आता चिरा. कोरड्या हंगामात कठीण पुट्टीने चीर भरणे ही नेहमीची चूक. ओल्या हंगामात लाकूड फुगते, पुट्टी दबत नाही, ती पाचरीसारखी वागते आणि चीर लांबवते. ३ मिमीपर्यंतच्या उभ्या चिरा उघड्या ठेवा; त्यांत शिरलेले पाणी खाली निथळते आणि वारा त्यांना सुकवतो. वर तोंड करून असलेली, पाणी धरणारी चीर मात्र बंद करा: आत तेल किंवा पातळ प्रायमर सोडा, आणि त्यावर रंग बसू शकेल असे लवचीक सीलंट. सिलिकोन नको. त्यावर आणि त्याच्या आजूबाजूला पुढे काहीच धरत नाही.

> तपासा: पुन्हा दोन लिटर पाणी ओता. दहा मिनिटांनी कुठेही थारोळे उरता कामा नये. त्यानंतर पुतळा तीन-चार दिवस सुकू द्या.

## ७. तळ

वर उरकलेल्या सगळ्या कामाएवढे मोल या एका पायरीचे आहे.

आधी भोक. तळाच्या मध्यभागी १४ मिमीचे, १५० मिमी खोल भोक पाडा. त्यात १२ मिमीचा आटे असलेला स्टेनलेस स्टीलचा रॉड बसेल. साधा लोखंडी रॉड गंजतो, गंजताना फुगतो आणि पाय फाडतो.

मग ठिबक-खाच. कडेपासून १५ मिमी आत, भोवताली ५ मिमी खोल खाच मारा. बाजूने ओघळलेले पाणी तळाखालून आत सरकत जाते. खाचेशी ते तुटून खाली पडते.

मग इपॉक्सी. लाकडात मुरणारे, पाण्यासारखे पातळ इपॉक्सी घ्या. चिकटवण्याचे घट्ट इपॉक्सी वर बसते, आत जात नाही. पुतळा उलटा धरून तळावर, खाचेत आणि भोकात ते ओता. शोषले गेले की पुन्हा, पहिला हात ओला असतानाच. लाकूड आणखी प्यायचे थांबेपर्यंत हे चालू ठेवा. अल्बेशिया सागापेक्षा पुष्कळ जास्त पिते. बाजूंवर तळापासून ३-४ सेंमीपर्यंतच चढवा, त्याहून वर नाही. बाजूंनी लाकडाने श्वास घ्यायचा आहे. सूर्यप्रकाशात इपॉक्सी पिवळे पडून भुगा होते, म्हणून बाजूंवरच्या या पट्ट्यावर पुढचा लेप यायलाच हवा.

शेवटी रॉड. घट्ट इपॉक्सीत तो सरळ बसवा आणि डब्यावर दिलेला पूर्ण वेळ, सहसा २४ तास, हलवू नका.

पामच्या पुतळ्यात रॉड मधल्या मऊ भागात धरत नाही. तिथे बाहेरच्या कठीण कड्यात तीन लहान रॉड, प्रत्येकी ८ मिमीचे, त्रिकोणात बसवा. मधला स्पंजासारखा भाग खालून होईल तेवढा कोरून काढा, कारण कूज तिथूनच सुरू होते.

> खबरदारी: वजन किंवा मीटर अजून ओले सांगत असेल तर तळ बंद करू नका. बंद तळाचा ओला पुतळा उघड्या तळाच्या कोरड्या पुतळ्यापेक्षा लवकर जातो.

## ८. लेप: तेल की वार्निश

एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही, पण निवड अवघड नाही.

रंगद्रव्य असलेले, बाहेरच्या वापराचे मुरणारे तेल साग, सुआर, सिडार आणि पामसाठी. ते पापुद्रे धरत नाही, विरत जाते. पुन्हा लावताना धुऊन-पुसून थेट वर लावता येते. कोरीव कामात घासायची वेळ न येणे हा फार मोठा फायदा आहे. बहुतेक वाचकांनी हेच निवडावे.

जहाजी वार्निश, म्हणजे अतिनील किरण अडवणारे आणि लाकडाबरोबर ताणले जाणारे, अल्बेशियाच्या रंगीत पुतळ्यांसाठी. घरातल्या फर्निचरचे कडक पॉलीयुरेथेन इथे चालत नाही. लाकूड हलले की ते तडकते, पाणी चिरेतून आत जाते आणि थराखाली अडकते. पारदर्शक थरातून ऊन थोडेफार आत जातेच आणि लाकडाच्या वरच्या थरातले लिग्निन, म्हणजे तंतू एकत्र धरणारे द्रव्य, मोडते. मग वार्निश शाबूत असूनही खालच्या लाकडासकट सुटते. म्हणून पूर्ण पारदर्शकापेक्षा किंचित तपकिरी छटा असलेले वार्निश नेहमी सरस.

तेल असे लावा. रंगद्रव्य तळाशी बसते, तेव्हा डबा तळापासून ढवळा. भरपूर लावा, १५-२० मिनिटे मुरू द्या, कोरडे दिसतील तिथे पुन्हा लावा. मग वरचे सगळे न मुरलेले तेल फडक्याने पुसून घ्या. खोबणीत कोरडा ब्रश फिरवा. न पुसलेले तेल चिकट राहते आणि धूळ धरते. २४ ते ४८ तासांनी दुसरा हात. साधे जवसाचे तेल वापरू नका: कच्चे फार सावकाश सुकते, आणि दमट हवेत काळ्या बुरशीला तेच खाद्य होते.

> आगीचा धोका: जवसाच्या किंवा टंग तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ठेवली तर स्वतःहून पेट घेऊ शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात झाकण लावून ठेवा.

वार्निश असे लावा. पहिला हात निम्मे टर्पेंटाइन मिसळून, दुसरा चौथा हिस्सा मिसळून, मग न मिसळता चार हात. दोन हातांमधले अंतर डब्यावरचे पाळा. ते उलटून गेले तर २२० नंबरने हलके घासा. जाड एक हात पातळ दोन हातांची जागा घेत नाही. खोबणीत साचलेले वार्निश वरून सुकते, आतून ओले राहते आणि सुरकुततं. ते कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्या. दव पडण्याच्या चार तास आधी काम संपवा.

डोळे-दात रंगवायचे असतील तर बाहेरच्या वापराचा प्रायमर आणि ॲक्रिलिक रंग, आणि तो पूर्ण सुकल्यावरच वार्निश. तेल लावणार असाल तर उलट: आधी तेल, आठवडाभर वाळू द्या, मग त्या जागा टर्पेंटाइनने पुसून रंगवा. दोन्ही बाबतीत आधी पाठीवर हातभर जागेत करून पाहा.

## ९. उभारणी

माती, सिमेंटचा खड्डा, गवत: तिन्ही नकोत. सिमेंटमध्ये गाडलेला पाय म्हणजे पाणी भरलेल्या वाटीत ठेवलेला पाय.

४५ × ४५ × ८ सेंमीचा काँक्रीटचा चौथरा सुमारे ३९ किलो भरतो आणि १२० सेंमीच्या हलक्या पुतळ्याला पुरतो. मध्ये रॉडसाठी आरपार भोक, खालच्या बाजूला नटासाठी खोलगा. पुतळा आणि चौथरा यांच्यात २० मिमी फट ठेवा: रॉडवर एक नट आणि रुंद वॉशर, कडेला तीन रबरी ठोकळे. फटीतून वारा गेला पाहिजे. ती ‘दिसायला बरे’ म्हणून भरू नका. दीड मीटरवरचा पुतळा, किंवा मुले लोंबकळण्याची शक्यता असेल तिथला कोणताही, जमिनीतल्या पक्क्या पायात रॉडने जखडा.

जागा निवडताना पाणी फवारणारा स्प्रिंकलर पहिला टाळा. तो रोज घालतो तेवढे पाणी पाऊसही घालत नाही. दुपारचे ऊन टाळता आले तर लेप जास्त काळ टिकतो. झाडांच्या पानांपासून आणि भिंतीपासून हातभर अंतर ठेवा.

## १०. देखभाल

वर्षातून दोनदा, ओल्या हंगामाच्या आधी आणि नंतर:

1. मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने धुवा. प्रेशर वॉशर नको; तो तंतू फाडतो आणि चिरांत पाणी दाबतो.
2. फटीतली पाने आणि माती काढा, तोंडातले भोक तारेने मोकळे करा.
3. वाळल्यावर माथ्यावर, खांद्यावर आणि पायाशी पाण्याचे थेंब टाका. दोन मिनिटांत जिरले तर तेलाची वेळ झाली.
4. तळाच्या कडेला टोच्या लावून पाहा.

तेलाचा पहिला पुन्हा-हात सहा महिन्यांत लागू शकतो, पुढे बहुधा वर्षाला एक. वार्निशची चकाकी गेली की लगेच २२० ने घासून दोन हात द्या. पापुद्रे सुटेपर्यंत थांबलात तर कोरीव कामातून सगळा थर उपसावा लागतो. काळी बुरशी आली असेल तर सोडियम परकार्बोनेटचे द्रावण लावा, १५ मिनिटांनी धुवा, तीन-चार दिवस सुकू द्या आणि मगच तेल. बुरशीवरूनच तेल लावले तर डाग कायमचा आत बंद होतो.

हिवाळ्यात किंवा सुट्टीवर जाताना प्लास्टिकने गुंडाळू नका. वर छत्रीसारखे, खालून उघडे, हवा जाणारे आच्छादन टाका.

टोच्या कुठे ३ मिमीपेक्षा सहज आत गेला तर पुतळा चौथऱ्यावरून उतरवा, मऊ भाग पटाशीने घट्ट लाकूड लागेपर्यंत काढा आणि उरलेला भाग पूर्ण वाळवा. मगच त्यात पातळ इपॉक्सी मुरवा आणि इपॉक्सीच्या पुट्टीने आकार भरा. आधी जिथून पाणी आत आले ती जागा शोधून बंद करा, नाहीतर पुट्टीच्या मागचे लाकूड पुन्हा सडेल आणि पुट्टी तेवढी उभी राहील.